पडदा ओढणारी पाठ

दिव्यानी : दोर सोडा, बाबा. पयले दोर सोडा, मंग बोला.

सोमाजी : थांब, चुंगडी आपटन. हं. टेकली.

दिव्यानी : आंब्याच्या फांदीवरून धानाची चुंगडी, एवढं भरलेलं पोतं, ओढून काय करून राह्यले तुमी? चार पावलं चाललं का दम लागते. पाय पाहा कसे सुजले.

सोमाजी : सराव करून राह्यलो. सोमवारी नागपूरले भरती होवाचं हाये ना.

दिव्यानी : त्याले सराव कायले पायजे?

सोमाजी : डॉक्टरसाहेब तुह्यासमोरच बोलले. डाव्या पाठीचं मांस सोडवून हृदयाभोवती गुंडाळतीन, अन् पोटात लहानशी मशीन बसवतीन. मशीननं इशारा देल्ला का ते मांस हृदयाले दाबन. मंग मांस ढिलं कसं चालन? चाळीस वर्सं ह्याच पाठीनं नाटकाचा पडदा ओढला. पन आता सहा मयने झाले बसून हावो. म्हटलं, ताकद आनून ठेवतो.

दिव्यानी : अन् हे ओझं आत्ता कोनाच्या जीवावर ओढून राह्यले? त्याच थकल्या हृदयाच्या ना? मांसाले मशीनच शिकवते, हळूहळू, दीड-दोन मयने. डॉक्टरनं हेबी सांगलं होतं. तुमी नुसती मुंडी हालवली.

सोमाजी : (चुंगडीवर बसत) हाव. चुकलं माह्यं.

दिव्यानी : किती दिवसांपासून चालू हाये?

सोमाजी : आठ. तू दवाखान्यात ड्यूटीले गेली का.

दिव्यानी : घरी कोनी नाई, अन् तुमाले काई झालं असतं म्हंजे? आई गेल्यावर मले तुमीच हाये. मी एकटीनं काय कराचं, सांगा.

सोमाजी : रागावू नोको. खरं सांगू? ताकदीचं निमित्त होतं. ऑपरेशन झालं का हा हात दोराच्या कामाचा राहत नाई. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत नाटक लागन, अन् पडदा दुसराच कोनी ओढन. म्हनून ओढून घेत होतो.

दिव्यानी : ऑपरेशन नोको वाटते का?

सोमाजी : भेव वाटते. असं ऑपरेशन आता लय कमी जागी करतेत, हमी नाई म्हनतेत. दुसऱ्याचं हृदय भेटाची आस नाई. अन् ह्या हृदयानं साल निघत नाई. जाईन मी. तुह्यासाठी जाईन.

दिव्यानी : मंग दोर इकडे द्या.

सोमाजी : तुले? नर्सबाईले?

दिव्यानी : यंदा मंडईत तुमच्या कंपनीचा पडदा मी ओढीन. सुट्टी काढीन. कंपनीच्या मालकाले, चैतूभाऊले, सांगून ठेवा, नाई म्हनाचं नाई. तुमी बाजूले स्टूल टाकून बसा, अन् चुकलं का बोला.

सोमाजी : असं म्हनतं? धर मंग. डावा हात वर. शिट्टी झाली का एका दमात उचलाचा. हं, बरा हाये. आता खाली सोड.

दिव्यानी : सोडला.

सोमाजी : लय लवकर. मरनाच्या प्रवेशाले असा धाडकन नाई पाडाचा, पोरी. हळू सोडाचा. लोकाइले रडाले वेळ द्या लागते.

दिव्यानी : पाडाचा नाई शिकाचा मले आज. उचलाचाच शिकवा.

सोमाजी : बरं. धर दोर. शिट्टी मी देतो.