चौथ्या धड्यातला नाथा

...न्हाई न्हाई, फोटू मागून काढा हो, आधी माझं ऐका! तुमी लांबून आलाव, बसा त्या पालथ्या कॅनवर, पण तोंडाला असला गोड भाव आणून माझ्याकडं बघू नका राव, मला कसंतरीच व्हतंय. व्हय, मीच नाथा. पुस्तकातला. पण 'नाथाभाऊ, तुमची कंबर कशी हाय?' असं कुणी इचारतंय का? न्हाई! जो येतो तो एकच इचारतो, 'तुमी एवढे आनंदी कावून?'

आता कावून ते त्या रामेश्वरला ठावं! मानलं बाबा त्या माणसाला!

तुमाला सांगतो, रामेश्वर म्हंजे ह्याच डेअरीवरचा आमचा फॅट काढणारा. आमच्या पाली गावचं समदं दूध हितं येतं, उजाडायच्या आत रांग लागती, अन् ती खुर्ची दिसती का, पंख्याखालची, गादी टाकलेली? तिच्यावर बसून ह्यानं मशीनीत थोडं दूध घालायचं अन् आकडा सांगायचा, झालं काम! पण त्या आकड्यावर दुधाचा भाव, म्हणून आकडा सांगितला की शिव्या. कडूबाई तर रोज, 'मुडद्या, माझी म्हैस सरकी खाती, अन् तुझी मशीन काय माती खाती का रं?' हा बीडचा, शहरातला, गरीब गडी. तोंड कायम नापास झाल्यागत. अन् मी हितं हौदावर वाकून कॅन धुतो, लई वर्सं झाली, कंबर पार कामातून गेली... माझं एकच सपान, कवातरी ती खुर्ची आपल्याला मिळावी. मशीन मी बघून बघून शिकलेलो हाय. दुसरं काय बी नको आपल्याला.

तर एक दिवस हा म्हणतो, 'नाथा, मी पुस्तक लिहिलंय.' म्हणलं, कशावर? दुधावर? 'नाही रे, कामातल्या आनंदावर!' मी म्हणलं, कुणाच्या आनंदावर बे? तुझ्या? पण गडी हटला न्हाई हो! डेअरीचे चेअरमन आप्पा, त्यांनी चौकात फ्लेक्स लावला, फ्लेक्सवर रामेश्वर एवढासा अन् आप्पाच हत्तीएवढे, जेसीबीच्या तोंडातून झेंडू उधळला, तर रामेश्वर फेट्यासकट झेंडूत गडप! पुस्तकाचं नाव काय, तर 'आनंदाची फॅट किती?' अन् खपलं की हो! एसटी स्टँडवर, रसवंतीवर, लग्नात आहेर म्हणून! कडूबाईला वाचता येत न्हाई, तिनं नातीकडून, संस्कृतीकडून वाचून घेतलं, अन् दुसऱ्या दिवशी मशीनीपाशी येऊन म्हणती कशी, 'लाव लेकरा, तुला वाटंल ती फॅट लाव, माझं मन भरलेलं हाय.' कडूबाई! जिला तिची म्हैस बी भेती, ती कडूबाई! मी हातातला कॅन सोडून बघत उभा ऱ्हायलो. मानलं बाबा त्या माणसाला!

मग काय, व्याख्यानं, हार, शाली. रामेश्वरनं डेअरीचा राजीनामा दिला. खुर्ची मोकळी! मला राती झोप न्हाई. म्हणलं, ह्यालाच गाठावं, आप्पाजवळ आपला शब्द टाकंल. म्हणून अंबाजोगाईला गेलतो, कॉलेजात त्याचं भाषण व्हतं. हॉल गच्च भरलेला, अन् हा स्टेजवर, कोट घातलेला, मी तर वळखलंच न्हाई! 'मित्रांनो, माझ्या डेअरीवर एक माणूस आहे... थंडीत गार पाण्यात हात, वाकलेली पाठ, पण ओठांवर शीळ! त्याला पंखा नको, त्याला खुर्ची नको! काम हेच त्याचं सुख!' माझ्या बाजूला मोहिनी म्हणून एक मास्तरीण व्हत्या, त्या रुमालानं डोळे पुसायल्या. मी बी रडलो हो! म्हणलं, काय माणूस आसंल हा, एकदा जाऊन पाया पडावं त्याच्या... तवर हा म्हणतो, 'त्याचं नाव नाथा!'

अवं, ती शीळ आनंदाची न्हाई! आमी ढोरामागची पोरं, बिंदुसरेच्या धरणावर जनावरं पाण्यावर न्यायची, अन् शीळ घातल्याबिगर ढोर पाण्याला तोंड लावत न्हाई. लहानपणची सवय ती, पाणी वाजलं की ओठ आपसूक गोल व्हतेत. मी काय आनंदानं घालतो व्हय? समोर म्हैस नसली तरी शीळ येती, त्याला मी काय करू? ढोरं राखलेल्या कुणालाबी इचारा, हसंल तुमाला. पण एवढ्याशा शिळेतून ह्या बहाद्दरानं पुस्तकाचा अख्खा चौथा धडा काढला! अन् खोटं कशाला बोलू, राग आलाच न्हाई. एवढ्या माणसांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, तवा छाती लई भरून आलती. मानलं बाबा त्या माणसाला!

दुसऱ्या दिवशी मी सरळ आप्पाकडं. म्हणलं, आप्पा, खुर्ची मोकळी हाय, कंबर ऱ्हायली न्हाई, मशीन येती मला, बसवा की. आप्पांनी चष्मा लावला, पुस्तक उघडलं, 'नाथा, हे बघ काय लिवलंय. त्याला खुर्ची नको. छापलंय बे! आता तुला खुर्चीवर बसवलं तर पुस्तक खोटं पडंल, अन् त्याच्यात आपल्या डेअरीचं नाव हाय.' अन् बसवलं कुणाला? भाच्याला, सत्यमला! त्याला दूध कंचं अन् ताक कंचं ते कळत न्हाई हो!

मग मी बी हट्टाला पेटलो, ओठ घट्ट दाबून कॅन धुवायलो. तर लातूरहून गाडी भरून पाव्हणे आलते, अन् आप्पा खिडकीतून वरडतेत, 'शीळ घाल बे, लोकं तासाभरापासून उभी हायेत!' घरी बायको, शिवकन्या, म्हणती, 'आवं, परक्या लोकांपुढं हसता, घरी कावून तोंड पाडून बसता?' शेवटी रामेश्वरला फोन लावला. त्यानं समदं ऐकून घेतलं, अन् असल्या मायेनं म्हणला, 'नाथा, त्या खुर्चीवर मला एक दिवस सुख लागलं नाही रे. तू बसू नकोस.' अन् काय सांगू, फोन ठेवस्तोवर मला ते पटलं बी! मानलं बाबा त्या माणसाला!

आता तर आप्पांनी ठरवूनच टाकलंय. पयले मला एकच काम व्हतं, कॅन धुवायचं. आता दोन हायेत, कॅन धुवायचे अन् आनंदी ऱ्हायचं. कॅनाचं काय न्हाई हो... ते धा वाजेस्तोवर उरकतेत.