बाईंची खिडकी

...अहो, पण बसायचंच तर सोफ्यावर बसा ना! नाही! बाईंना खुर्ची हवी, आणि तीही नेमकी त्या खिडकीपाशी, जिच्यावर मी सकाळपासून पडदा, पडद्यापुढे कुंडी आणि कुंडीपुढे स्वतः असा बंदोबस्त करून उभा! बायको आतून, 'अहो, बसा की तुम्ही पण!' बसतो कसला? घाम फुटलाय इकडे! कुणाला सांगू नका, पण तुम्हाला सांगतो...

माझा धंदा खिडक्यांचा. यूपीव्हीसी. म्हणजे प्लॅस्टिकच, पण प्लॅस्टिक म्हटलं की गिऱ्हाईक चप्पल घालायला लागतं. दिवसातून दहादा तेच पारायण: 'साहेब, लाकूड फुगतं, अॅल्युमिनियम तापतं, आपली खिडकी फुगत नाही, तापत नाही, गंजत नाही, दहा वर्षं वॉरंटी!' गिऱ्हाईक विचारतं, 'तुमच्या घरी कुठल्या?' मी म्हणतो, 'आपल्याच की हो!'... आणि घरी अस्सल सागवान! तीन खिडक्या! आणल्या कुठून? बाईंच्या घरातून!

थांबा, लगेच तोंडं वाकडी करू नका. बाई म्हणजे आमच्या गणिताच्या बाई. वर्गात मी हातचा धरायला विसरायचो म्हणून मला 'हातच्या' म्हणायच्या. 'हातच्या, नुसतं उत्तर नको, रीत दाखव!' रीत दाखवल्याशिवाय अर्धा मार्क द्यायच्या नाहीत. तर चार वर्षांपूर्वी या बाई दुकानात आल्या, म्हणाल्या, 'अरे, खिडक्यांना रंग लावावा का, बघून जा.' गेलो. आणि काय सांगू, त्या चौकटी! हात फिरवला आणि माझी नियतच फिरली हो! खाली बघतो तर चौकटीवर पांढरा भुगा. मी बोट फिरवलं, बाईंपुढे धरलं, आणि बोललो, 'बाई, पोखरलंय आतून. हा बघा भुगा!'

कुणाला सांगू नका, पण तुम्हाला सांगतो, तो खडू होता. खडू! बाई खिडकीला फळा टेकवून शिकवण्या घेतात, मला माहीत नव्हतं का? मीच तिथे पाचवीपासून बसत होतो! पण बाईंचा चष्मा टेबलावर, आणि माझ्यावर विश्वास. म्हणाल्या, 'तू म्हणतोस तर असेल बाबा.' तिथेच मी मेलो पाहिजे होतो. मेलो नाही. माप घेतलं.

त्यांच्या भिंतीत प्लॅस्टिक बसलं, आणि 'भंगारात टाकतो हं बाई' म्हणत मी चौकटी, झडपांसकट, टेम्पोत घातल्या, त्या थेट आमच्या हॉलमध्ये! आता गंमत बघा. दोन उघडतात. तिसरी, हीच, चार वर्षांत एकदा उघडली असेल तर शपथ! सुतार आणला, तेल घातलं, साबण चोळला, मेव्हण्याने लाथ घातली... ढिम्म! सुतार म्हणाला, 'साहेब, लाकडात दोष नाही.' बायको म्हणाली, 'मग कोणात आहे ते मला माहितीये.'

आणि आता याच हॉलमध्ये बाई! 'एकदा तुझं घर बघू दे की रे,' म्हणून चहाला! मी हवामानावर बोलतोय, भाज्यांच्या भावावर बोलतोय, बशीतली बिस्किटं मीच खातोय... आणि वीज गेली! पंखा बंद!

'केवढं उकडतंय! खिडकी उघड की रे.'

'बाई, ती... ती उघडत नाही.'

'बघू.'

अहो, उठल्याच! मला असं बाजूला केलं, कुंडी सरकवली, पडदा ओढला, आणि थांबल्या. पाठ आमच्याकडे, त्यामुळे नक्की काय केलं दिसलं नाही. कुठेतरी हात, कुठेतरी खांदा, आणि खट्! उघडली! चार वर्षांनी वारा लागला हो घरात! बाईंनी चौकटीवर बोट फिरवलं, चष्मा नाकावर ओढून बोट बघितलं, आणि म्हणाल्या, 'भुगा नाही रे कुठे.'

बस्स. खुर्चीत बसल्या, उरलेला चहा प्यायल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं! चांगली छडी मारायची, मी हात पुढे केला असता! निघताना त्यांनीच खिडकी लावली. मी जिन्यापर्यंत गेलो, धीर करून विचारलं, 'बाई, ती उघडायची कशी?'

म्हणाल्या, 'हातच्या, आधी खरं उत्तर सांग. मग रीत शिकवते.'

आता दर रविवारी चारला येतात. खिडकी उघडतात, शेजारी बसून वह्या तपासतात, लावतात, जातात. मी चहा नेऊन देतो, तोंड उघडतो, आणि बाहेर काय येतं? 'साखर पुरे ना, बाई?' तुम्हाला सांगितलं की नाही आत्ता सगळं, घडाघडा? खडूसकट? मग बाईंना सांगायला काय होतं मेल्याला?

...आज सोमवार. पंखा लावा कुणीतरी.