एर्नाची माफी

नाही हो पाळकसाहेब, कपाळाचं राहू द्या — कॉफी वाळवायच्या खळ्यावर पाय घसरला, म्हातारपण, दुसरं काय — आपण एर्नाचं बोलत होतो. पाठ आहे तिला सगळं. मला अक्षर ओळखू येत नाही, पण माझ्या आईनं मला जशी तोंडी शिकवली तशीच मी नातीला धर्माची प्रश्नोत्तरी शिकवली, शेंगा सोलता सोलता. दहाही आज्ञा, विश्वासांगीकार, सगळं. उद्या दृढीकरणाला वेदीपुढे सगळ्यांदेखत म्हणून दाखवताना अडखळायची नाही पोर. अडतंय ते आज. दृढीकरणाच्या आदल्या दिवशी पोरांनी आईबापापुढे गुडघे टेकून झाल्या-गेल्याची माफी मागायची — आमच्या आजा-पणजांनी ब्राझीलला येताना ही रीत बरोबर आणली — आणि तुम्ही म्हणता, माफी नाही तर उद्या तिला पहिलं प्रभुभोजन नाही. बरोबर आहे. मी कुठं चूक म्हणतोय? आई तर तिची गेली, उरला बाप. माझाच लेक, लेओमार.

चौथ्या आज्ञेशी आलो तेव्हा मी विचारलं, आईबापांचा मान राख, याचा अर्थ काय? तर म्हणाली, "त्यांना राग आणू नये. पण आजोबा, आमचा बाप तर राग घेऊनच घरात येतो, मी अजून कुठून आणू?" हसलो मी. हसलो, हो. मग म्हणाली, "मी नाही टेकणार गुडघे. त्यानं टेकावेत." याचं उत्तर आईनं मला शिकवलं नव्हतं.

वाईट नाही हो लेओमार. उसाची दारू पोटात गेली की हात सुटतो, इतकंच. परवा पोरीवर पट्टा उगारला, मी मध्ये गेलो तर — नाही, खळ्यावरच पडलो, सांगितलं ना मघाशी. घर त्याचं, मळा त्याचा, मीच अंगठा उठवून दिलाय, आता या वयात कुठं जाऊ? आणि तिला कुठं नेऊ? म्हणून म्हणतो, तिचा धर्मपिता मीच आहे — माफी माझ्याकडं मागू दे, तेवढी तुम्ही चालवून घ्या. घ्याल ना? नुसती कॉफी काय ढवळता?

थांबा — मोटरसायकल. त्याचीच.

कॉफी राहू द्या, निघा तुम्ही, मागच्या दारानं — नको, पुढूनच जा, लपल्यासारखं दिसायला नको. — ये लेओमार, बस बाळा, काही नाही, पाळकसाहेब निघालेच होते. एर्ना, अगं — बाहेर ये पोरी. बाप आलाय तुझा. ये, इथं, पायाशी. टेक गुडघे.