विहिरीतून आलेलं 'एक नंबर'

मंडळी, सरकून बसा, मागच्यांनाही जागा द्या. आज एकच विचारतो. गळ्यात आवाज आहे, तोंडात शब्द आहे, ऐकणारं माणूसही जवळ आहे — आणि तरी सांगायचं ते पोचत नाही! असं का होतं? ऐका.

माळावरच्या एका वस्तीवर हौसाबाई आणि तिचा नवरा भिकाजी राहायचे. काम जुन्या विहिरींचा गाळ काढायचं. भिकाजी कमरेला दोर बांधून आत उतरायचा, दोन गडी वर दोर धरायचे, आणि हौसा काठावर. थोड्या थोड्या वेळाने तिने हाक द्यायची, त्याने खालून ओ द्यायची, ही त्यांची रीत.

आता भिकाजीची एक खोड — कशालाही 'एक नंबर'! चहा एक नंबर. चहा नासला, तरी एक नंबर! अहो, सासरा वारला, भेटायला आलेल्यांनी विचारलं, सगळं नीट झालं ना? हा म्हणतो, एक नंबर! हसताय? जरा आपला फोन उघडा आणि सकाळपासून कुणाकुणाला काय पाठवलंय ते बघा.

चैत्रात एका मळ्यातली, दहा वर्षं झाकून ठेवलेली विहीर उघडली. अशा विहिरीत आधी पेटता दिवा सोडतात. दिवा विझला की समजायचं, हवा वाईट आहे, उतरायचं नाही. हौसा दिवा लावायला बसली, तोवर हा वाकून म्हणाला, विहीर एक नंबर आहे — आणि उतरलासुद्धा!

हौसाने हाक दिली. खालून आलं, एक नंबर. पुन्हा हाक, पुन्हा तेच. गडी निवांत. पण हौसा मनाशी म्हणाली, हा सुखात हेच म्हणतो, दुःखातही हेच म्हणतो. मग आत्ता आत काय चाललंय, ते मला कळणार कसं? बाईने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, मंडळी, पण विचार बघा! ती ओणवी झाली.

"आवं, पानी कुठवर हाय? गुडघ्याला का कमरंला?"

"एक... नंबर."

"वडा त्यास्नी वर!" हौसा ओरडली.

भिकाजी वर आला तो ओठ निळे, मान लुळी. त्याला सावलीत निजवलं, तोंडावर पाणी मारलं. हौसा पदराने वारा घालतेय, देवाला हाका मारतेय. बऱ्याच वेळाने त्याने मोठा श्वास घेतला आणि डोळे उघडले. कसं वाटतंय, तिने विचारलं. सवयीने जीभ वळायला लागली — आणि थांबली.

"लई भ्यालो गं," तो म्हणाला. "तुजा आवाज येत हुता, पन बोलायला काय सुचंना. हात धर माजा."

वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने पहिल्यांदा काहीतरी सांगितलं! हौसाने हात धरला आणि पोटभर रडली. इतकं हलकं तिला कधीच वाटलं नव्हतं.

आता तुमच्याकडे येतो. घरी आई आहे ना? 'कशी आहेस' विचारून पुढे जाऊ नका, ती 'बरी आहे' म्हणणारच. झोप लागली का विचारा, कुठला गुडघा दुखतो ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका. पांडुरंग युगानुयुगं विटेवर का उभा आहे वाटतं तुम्हाला? त्याने विचारलंय, आणि आपण अजून खरं सांगितलेलं नाही.