बंगळूरहून आलेला फोन

हसायचं तर हसा गं, पण तो फोन मी आपटायला नको होता. माझा धाकटा दीर संजू मानपाड्याच्या एका कारखान्यात कामाला. घरी बसून त्याने कॉम्प्युटरवर मराठी छापायचा प्रोग्राम बनवला आणि घरचा फोन नंबर देऊन इंटरनेटवर सगळ्यांना वापरायला, बदलायला फुकट ठेवला.

एकदा तो कामावर असताना बंगळूरच्या बड्या कंपनीतून फोन आला. "ताई, आम्ही संजूचा प्रोग्राम वापरतो. त्यातल्या चार-पाच चुका सुधारल्यात, त्या त्याला पाठवायच्यात."

माझं डोकंच फिरलं. "फुकटचं घेता आणि वर चुका काढता? नकोत आम्हाला तुमच्या सुधारणा!" आणि दिला फोन आपटून.

संध्याकाळी तोऱ्यात संजूला सांगितलं, तर तो म्हणाला, "वहिनी, अगं, या कामात रीतच आहे. एकाने केलेलं दुसरा सुधारतो आणि परत आणून देतो. मान असतो तो."

त्याने कंपनीला पत्र टाकलं. उत्तर आलं, 'तुमच्या घरून नकार आला, म्हणून आम्ही सुधारलेला प्रोग्राम वेगळ्या नावाने काढला.' मग सगळे तोच घ्यायला लागले. संजूच्या प्रोग्रामला कुणी विचारेना.

 आता फोन वाजला की संजू धावत येतो, "तू बस वहिनी, मी घेतो."