पाणी कोमट आहे तोवर

(रंगशाळा. दोऱ्यांवर वाळत घातलेल्या लाल कापडांच्या रांगा. त्यांच्यामागे काठ शिवत बसलेली आत्या दिसत नाही, तिचा आवाज तेवढा येतो. भट्टीवर रंगाचा हंडा. हंड्यापाशी अण्णा आणि त्यांची लेक. भट्टीतली लाकडं बाहेर ओढलेली.)

आत्या : कोणीतरी बोला रे. हंडा गप्प, तुम्ही गप्प. मला वाटलं, माझे कानच गेले.

अण्णा : आग कुणी काढली?

लेक : मी काढली.

अण्णा : शेवटचा तागा हंड्यात असताना?

लेक : असतानाच.

अण्णा : नाट्यगृहाचा पडदा आहे तो. आधीचे सगळे तागे एका लालीचे उतरलेत. हा एक फिका राहिला, तर पडदा मधोमध उसवल्यासारखा दिसेल. भरल्या नाट्यगृहात, रोज.

लेक : वर उचलून बघा की. लाल झालाय. छान दिसतोय. मग उगाच लाकडं कशाला जाळायची?

अण्णा : दिसणं आणि होणं यांतला फरक तुला मी आता शिकवायचा? ती लाली नुसती अंगावर बसलीय, धाग्यात उतरलेली नाही. पहिल्याच पाण्याला सोडून देईल.

लेक : ‘छान दिसतोय, मग उगाच कशाला’ हे शब्द माझे नाहीत, अण्णा. हाताची सूज उतरली त्या सकाळी तुम्ही म्हणालात. उरलेल्या गोळ्या आत्याच्या औषधांच्या डब्यात टाकताना.

आत्या : म्हणाला होता. मी साक्षीला आहे.

अण्णा : अक्का, तू काठ शिव.

आत्या : शिवतेच आहे. तोंडानं नाही शिवत.

अण्णा : हे बघ पोरी, हात म्हणजे कापड नव्हे. हंड्याच्या काठानं कापलं, पिकलं, उतरलं. या धंद्यात कुणाचे हात कोरे राहिलेत? आणि मला धडे देण्यासाठी तू माझा तागा नासवावास, इतका मी अजून म्हातारा झालेलो नाही.

लेक : धडा नाही देत. बाही वर करा.

अण्णा : थंडी वाजतेय.

लेक : भट्टीशेजारी थंडी वाजतेय. आत्या, ऐकलंस?

आत्या : ऐकलं. माझा पदर घामानं भिजलाय.

लेक : बाही वर करा, अण्णा. सकाळी ही तांबडी रेघ मनगटाशी होती, आता कोपराला टेकलीय. तुम्ही अंधारात नुसत्या वासावरून लालीची जात सांगता. ही कुठली लाली?

आत्या : काय म्हणाला?

लेक : बाही खाली ओढतायत.

अण्णा : पडदा पोचवला की दवाखान्यात जाईन. तसं सांगून आलोय मी.

लेक : तुम्ही सांगून आलात, पण त्यांचं ऐकून नाही आलात. आत्या, सकाळी ही रेघ बघितली आणि डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्याच. परवा जखमेतला पू तपासायला घेतला होता, त्याचा निकाल हातात धरून म्हणाल्या, पहिल्या औषधाला हे जंतू आता दाद देत नाहीत. दुसरं आहे, पण ते शिरेतून द्यावं लागतं, दवाखान्यात राहून, आणि आजच. उशीर झाला तर बोटं राहतील की नाही सांगता येत नाही. रक्तात भिनलं तर मग बोटांची गोष्टच कुणी काढणार नाही. यावर हे काय म्हणाले, ठाऊक आहे? पडदा कधीपर्यंत द्यायचाय ते त्यांना समजावू लागले.

आत्या : बोटं? एवढं झालं, आणि मला म्हणाला, जरा चिघळलंय.

लेक : पुन्हा सुजल्यावरसुद्धा हे आधी दवाखान्यात गेले नाहीत, आत्या. तुझ्या डब्यात गेले. आणि औषध निवडलं ते रंगावरून.

अण्णा : रंग तोच होता. अर्धी तांबडी, अर्धी पांढरी. तांबडीत तसूभर फरक असता तर मला कळला असता.

लेक : फरक नव्हताच. तांबडी तीच होती, आत पित्ताचं औषध होतं. डॉक्टरीणबाईंनी पाकीट उलटं करून वाचलं.

आत्या : तरीच. माझ्या पित्ताच्या गोळ्या जातात कुठे म्हणून मी बिचाऱ्या मांजरावर संशय घेत होते.

लेक : आणि यांच्या हाताच्या गोळ्या कुणी घेतल्या?

आत्या : मी. खोकल्याला. खोकला जागच्या जागी राहिला, पोट मात्र वाहून गेलं.

लेक : सर्दीखोकल्याचं औषध नव्हेच ते, आत्या. डबा दे इकडे.

आत्या : डबा माझा आहे. आजवर या घरात ज्याला जे दुखलं त्याला त्यातूनच मिळालं. अडीअडचणीला कोण येतं डॉक्टर घेऊन?

लेक : दुखलं त्याला मिळालं, पण कुणाचं कुणाला मिळालं, ते सांग.

आत्या : बरं. घे. मोरीत ओत आणि मोकळी हो.

लेक : मोरीत नाही. ते पाणी पुढे कुणाच्या तरी पिण्यात जातं. औषधाच्या दुकानात परत घेतात, मी विचारून आलेय. रिकामा डबा तुला आणून देते. सुया ठेव त्यात.

अण्णा : झालं तुमचं? पाणी निवतंय.

लेक : निवू दे.

अण्णा : तुला वाटतं, मी हेळसांड केली.

लेक : मग काय केलंत?

अण्णा : सोड.

लेक : नाही सोडत. तुम्ही तागा अर्ध्यावर कधी उतरवला नाहीत. ऐन आजारपणात ढवळायची काठी दुसऱ्याच्या हाती दिली नाहीत. मग औषधच अर्ध्यावर कसं उतरवलंत?

अण्णा : तोंडात गंज चढला होता.

लेक : काय?

अण्णा : गंज. गोळ्या सुरू झाल्या तशी जीभ लोखंडाची झाली. पाणी गंजाचं, जेवण गंजाचं. हंड्यातला थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला, तर तुरटी पडलीय की नाही, तेच कळेना. पुन्हा लावला. पुन्हा काही नाही. माझ्या बापानं मला जमीन दिली नाही, घर दिलं नाही. जीभ दिली. हा हंडा, ही छपरी, हे सगळं त्या जिभेवर उभं आहे. इतकी वर्षं मी या पाण्यावर वाकतोय आणि पाणी मला उत्तर देतंय. त्या दिवशी ते माझ्याशी बोलेना. गोळ्या मी त्याच दिवशी सोडल्या. सूज उतरणं हे निमित्त झालं.

आत्या : हे मलासुद्धा नाही सांगितलंस.

अण्णा : काय सांगू? रंगारी आहे आणि पाण्याची चव कळत नाही?

लेक : डॉक्टरीणबाईंना एवढं एकच वाक्य सांगायचं होतं. त्यांनी औषध बदलून दिलं असतं, नाहीतर सांगितलं असतं की हा गंज गोळ्या संपल्यावर उतरतो. औषध सोसवत नाही असं म्हणायचा हक्क होता तुम्हाला. कुणाला न सांगता मध्येच थांबवायचा नव्हता.

अण्णा : हात माझा आहे. भट्टी माझी आहे. लाकडं लाव.

लेक : नाही लावणार.

अण्णा : काडेपेटी कुठाय?

आत्या : माझ्या कमरेला. आणि माझ्या कमरेची वस्तू ओढून घ्यायची तुझी हिंमत मी परकरात होते तेव्हाही झाली नाही.

अण्णा : दोघी मिळून ठरवलंत.

लेक : मी ठरवलं. आत्यानं फक्त काडेपेटी घेतली. गाडी दारात उभी आहे. चपला घाला.

अण्णा : हंडा चढल्यापासून तागा उतरेपर्यंत मी पायात चपला घालत नाही. माझा बापही घालत नव्हता.

लेक : मग पाणी निवू दे. कोमट आहे तोवर आग लागली तर तागा वाचतो, हे तुम्हीच शिकवलंत. तुम्ही रस्त्यावर पाऊल टाकलंत, की मी काडी ओढते. त्याआधी नाही.

अण्णा : बापाला वेठीला धरतेस?

लेक : धरतेय. जन्मभर ऐकवा, हवं तर घराबाहेर काढा. आत्ताच काढा, दंडाला धरून. त्याच उजव्या हातानं. वळा मूठ.

अण्णा : पोरी.

लेक : वळा.

आत्या : वळली?

लेक : नाही वळली.

आत्या : अगं, पुन्हा बघ.

लेक : बघतेच आहे, आत्या. ते पण बघतायत.

अण्णा : ...थेंब कोण चाखणार?

लेक : मी.

अण्णा : तुझी जीभ कच्ची आहे.

लेक : असेल. पण गंजलेली नाही.

अण्णा : तुरट लागलं की लगेच थांबशील तू. घाई आहे तुला सगळ्याची.

लेक : नाही थांबणार.

अण्णा : आधी टोकाला लागतं, ते खोटं. मग कडांना लागतं, तेही सोडून द्यायचं. मागे जाऊन बसलं पाहिजे, बोलायचं राहून गेलेल्या शब्दासारखं. मग तागा वर घे. तोवर काठी थांबवू नकोस. वाहून जाऊ दे घाम.

लेक : मागे बसेपर्यंत काठी थांबवणार नाही.

अण्णा : आणि आग एकदम मोठी करू नकोस. निवलेल्या पाण्याला दटावलं की ते डाग टाकतं.

लेक : बारीक लावेन. अण्णा, तिथे गेल्यावर जिभेचं सांगाल ना? नवं औषध सुरू होण्याआधी. लाजू नका. रंगारी आहे म्हणून सांगा, त्यांना कळेल. सांगाल ना?

आत्या : काय म्हणाला?

लेक : काठी माझ्या हातात दिली.

आत्या : गेला? कुठल्या दारानं?

लेक : रस्त्याच्या.

आत्या : अनवाणी?

लेक : चपला घालून.

आत्या : मग घे ही काडेपेटी.