साखळी युस्टीनापाशी अडली

"हॅलो?… हॅलो, जरा थांबा हं, कोण असाल ते… मला आधी खाली बसू दे."

फोन घ्यायचा म्हणजे अगाथा ड्यूकची सर्कसच होती. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेले. भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर ती हनुवटीनं ढकलून पाडायची. तो वायरीला लटकून जमिनीपासून वीतभर वर झोके घेत राहायचा. मग अगाथा चुलीशेजारी गुडघे टेकून त्याच्याकडे तोंड करायची. परवा चर्चचे पाळक दारातून डोकावले आणि तिला गुडघ्यांवर पाहून टोपी काढून, मान खाली घालून उभे राहिले. बाई कोंबड्यांच्या खाद्यवाल्याशी भांडते आहे हे त्यांच्या ध्यानात येईस्तोवर त्यांचं 'आमेन' म्हणून झालं होतं.

"कोण?… युस्टीना?"

रिसीव्हर झोका घेऊन परत आला. मॅनिटोबाच्या त्या सपाट मुलखातल्या मेनोनाइट ख्रिस्ती लोकांच्या गावात अगाथाला कुणाचाही आवाज चालला असता, अगदी त्या खाद्यवाल्याचासुद्धा. नदीपलीकडच्या युस्टीना पेनरचा तेवढा नको होता.

"हो, हो… बरी आहे. हात आहेत अजून जागेवर… दुखतात गं. दुखणारच… अगं, लोक काहीही सांगतात. डोक्यावर बिक्यावर नव्हती उचलली."

डुक्कर कापायच्या दिवशी सगळा शेजार ड्यूकांच्या अंगणात जमला होता. चरबीची मोठी कढई उकळत असताना कढईचा एक पाय बर्फावर घसरला आणि अगाथानं ती उघड्या हातांनी सावरली. संध्याकाळपर्यंत गावात अशी कथा झाली की तिनं कढई डोक्याच्या वर उचलून धरली, थेंबही सांडला नाही, आणि वर ती स्तोत्रही गात होती. खरं म्हणजे निम्मी चरबी तिच्या हातांवर गेली, आणि ती जे ओरडली ते कुठल्याही स्तोत्रात सापडणार नाही.

"बोर्श्ट? नको गं, कृपा कर… आहे. पुष्कळ आहे."

सुपाची भांडी इतकी आली होती की अगाथाच्या नवऱ्यानं, बर्नहार्डनं, ती अंगणात बर्फात पुरली होती. गावातले कोल्हे आता कोंबड्यांकडे बघतसुद्धा नव्हते.

"ऐक ना. माझा निरोप मिळाला का तुला? साखळीचा… हो, तोच."

ही साखळी म्हणजे प्रार्थनेची. चर्चच्या मंडळीत कुणावर संकट आलं की एक बाई दुसरीला फोन करायची, दुसरी तिसरीला, आणि अर्ध्या तासात सगळं गाव त्याच्यासाठी प्रार्थना करत असायचं. एकदा तर एका माणसाला शिंक यायच्या आधीच त्याच्या सर्दीसाठी प्रार्थना सुरू झाली होती. कुणी कुणाला फोन करायचा हा क्रम कधीकाळी ठरला, तो ठरला. मोडायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे 'अगाथाच्या हातांसाठी प्रार्थना करा' हा निरोप फिरत फिरत इमानानं अगाथाच्याच घरी आला. तिच्या पुढची युस्टीना. बर्नहार्डनं नंबर फिरवून दिला आणि तो गाईंचं दूध काढायला निघून गेला. पलीकडे युस्टीना घरी नव्हती. निरोप टेप करून घेणारं यंत्र होतं.

"मी म्हटलं ना त्यात, 'अगाथा ड्यूकच्या हातांसाठी प्रार्थना करा, अगाथा ड्यूक बोलते आहे'… हसू नकोस गं… बरं, हस."

युस्टीना हसली म्हणून अगाथाचा जीव जरा भांड्यात पडला. पण ते हसू मध्येच थांबलं.

"मग? पुढे काय… पुढे काही नाही. तेवढाच निरोप होता."

"काय?… पुढे आहे?" अगाथानं विचारलं.

तेव्हा अगाथाच्या लक्षात आलं. निरोप सांगून झाला, पण फोन ठेवणार कशानं? बर्नहार्ड येईपर्यंत ती तशीच रिसीव्हरपाशी बसून राहिली होती. आणि आयते गुडघे टेकलेलेच आहेत म्हणून देवाशी बोलली होती. मनातल्या मनात नाही. नवऱ्याला बोलावं तशा आवाजात. आणि नदीपलीकडे, पेनरांच्या रिकाम्या स्वयंपाकघरात, ते यंत्र आपलं फिरत होतं.

"कुठपर्यंत आहे ते?… टेप संपेपर्यंत."

चरबी जिथे पोचली नव्हती तिथेही आता भाजल्यासारखं झालं. कान, मान, कपाळ.

"युस्टीना, ते तुझ्यासाठी नव्हतं. ते त्याच्यासाठी होतं… बर्नहार्डसाठी नाही गं. वरच्यासाठी."

"सगळं ऐकलंस?… साखरेचं पण?"

साखरेची गोष्ट अशी. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात युस्टीनाचा मुलगा अब्राम बर्फावरच्या गाडीनं नदी ओलांडत होता. बर्फ फुटला. दफन झाल्यावर मंडळीच्या तळघरात नेहमीसारखी कॉफी होती, जोडपाव होते, चघळायला साखरेचे खडे होते. साखर वाटायला अगाथा होती. तिनं युस्टीनाच्या बशीत दोन खडे ठेवले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की देवाचा यात काहीतरी हेतू आहे, एक दिवस तू यासाठी त्याचे आभार मानशील. रांगेनं माना डोलावल्या. युस्टीनानं कप खाली ठेवला, आणि वसंतापर्यंत ती उपासनेला आलीच नाही.

मग अगाथानं तिला साखळीवर घातलं. या गावात शेजारणीची चहाडी करत नाहीत, तिच्यासाठी प्रार्थना करतात. 'युस्टीना पेनरचं मन प्रभूविरुद्ध कडू झालं आहे' असा निरोप निघाला. आता क्रमानं तो अगाथानं युस्टीनालाच द्यायला हवा होता. तिनं युस्टीनाला गाळून पुढच्या म्हातारीला फोन केला. म्हातारी नियमाची पक्की. तिनं लगेच युस्टीनाला फोन लावला, आज तू कशी गळलीस म्हणून विचारलं, आणि निरोप शब्दन् शब्द सांगितला.

त्यानंतर दोघी भेटत होत्या, हवापाण्याचं बोलत होत्या. त्या फोनचा विषय मात्र कुणी काढला नव्हता.

"हो, म्हणाले मी. 'मला हेतूबितू नको, मला माझे हात दे'… हो. 'हेच मी युस्टीनाला साखरेबरोबर खायला घातलं आणि मला ते गिळवत नाही'… तेही म्हणाले."

"…ते शेवटचंही आहे का टेपवर?"

होतं. 'कुणालाही पाठव, पण तिला माझ्या दारात पाठवू नकोस. तिच्याकडे बघायला मला तोंड नाही.'

"युस्टीना, माझं चुकलं… नाही, थांब, मला बोलू दे. साखरेचं चुकलं आणि साखळीचं त्याहून चुकलं. तुझा मुलगा गेला आणि मी तुला उत्तर दिलं. तू काही विचारलंच नव्हतंस… हो, रडते आहे. नाकसुद्धा पुसता येत नाही मला, तू बोल काहीतरी."

तेवढ्यात अगाथाच्या मनात दुसरीच भीती शिरली.

"तू… पुढे दिलास का तो निरोप? 'अगाथाचं मन कडू झालंय' असा?… द्यायला हरकत नाही. माझीच रीत आहे ती."

"नाही दिलास?… काहीच नाही? हातांचा पण नाही?"

म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदा साखळी अडली होती. म्हणूनच नदीपलीकडून अजून एकही भांडं आलं नव्हतं.

"का पण?… काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

युस्टीना सावकाश बोलणारी बाई. ती म्हणाली की टेप ऐकल्यावर तिला आधी संताप आला. तिनं ती पुन्हा लावली, आणि त्या खेपेला तिला शब्द ऐकू आले नाहीत, रडणं ऐकू आलं. ते तिनं लगेच ओळखलं. त्या हिवाळ्यात ती स्वतः गोठ्यात असंच रडत होती, देवाला असंच बोलत होती, आणि तो ते ऐकून घेत होता, उठून गेला नाही. अब्राम का गेला हे तिला अजून कळलेलं नाही; कुणी सांगायला आलं तर ती आजही साखर त्याच्या तोंडावर फेकेल. पण असलं रडणं कानावर आलं तर काय करायचं, हे तिला त्या हिवाळ्यानं शिकवलं होतं. प्रभूनं त्या सगळ्यातून एवढं एकच तिच्या हाती ठेवलं असेल, तर ते कपाटात ठेवून काय करायचं?

अगाथानं कपाळ भिंतीला टेकलं.

"नको… नको गं युस्टीना. केस? माझे केस?"

शनिवार होता. रविवारच्या उपासनेसाठी गावातल्या बायका शनिवारी नहातात. अगाथाच्या केसांना डुक्कर कापल्या दिवसापासून चरबीचा वास येत होता. बर्नहार्डनं एकदा मन लावून धुऊन दिले होते, पण त्याला गाई धुवायची सवय, आणि साबणही त्यानं गोठ्यातलाच आणला.

"तुझ्यापुढे मी मान कशी वाकवू… हो, बेसिनवर वाकवावीच लागते, कळतं मला… पण तू का म्हणून—"

"…मी सांगितलं होतं त्याला तुला पाठवू नकोस म्हणून… हो. ऐकत नाही तो. माझं तर कधीच नाही."

"कॉफी आहे. साखर? आहे… वरच्या फळीवर. तुझी तू घे, मला उचलता येत नाही… आणि मी एक शब्द बोलणार नाही. खरंच."

"अगं पण फोन… बर्नहार्ड गोठ्यात आहे, मला ठेवता येत नाही… तसाच राहू दे? बरं… बरं. पुलावरून ये, सावकाश ये—"

पलीकडून फोन ठेवला गेला. लटकता रिसीव्हर टूं टूं करत राहिला. अगाथा गुडघ्यांवरच बसून होती. देवाशी दोन शब्द बोलावेत असं तिच्या मनात आलं, पण तिनं आधी रिसीव्हरकडे संशयानं पाहिलं आणि ओठ मिटून घेतले.

नदीवरचा बर्फ आता ट्रक पेलण्याइतका जाड होता. पण युस्टीना पुलावरून, लांबच्या वाटेनंच आली. दार न वाजवता आत शिरली, बूट काढले, बाह्या वर केल्या. एका हातानं तिनं रिसीव्हर उचलून भिंतीवर जागच्या जागी ठेवला, आणि दुसरा हात अगाथाच्या काखेत घालून तिला उभं केलं.